बारावीची फाइल

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त नोव्हेंबर महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे.)



माझी ओळख करून देताना सेक्रेटरींनी ‘शिक्षणतज्ज्ञ’ असा शब्द वापरला. तो इतिवृत्तात जाऊ नये, एवढी विनंती. मी अठ्ठावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली आणि त्यातली बरीच वर्षं बारावीची वर्गशिक्षिका होते. म्हणजे दाखले, फॉर्म, प्रवेश हे सगळं माझ्याच टेबलावरून जायचं. तेव्हा मी तज्ज्ञ वगैरे नाही, भरपूर फॉर्म पाहिलेली बाई आहे.

यंदा आपल्या तिन्ही विंगमध्ये मिळून अकरा मुलं बारावीला आहेत. सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, म्हणजे ही सगळी इथलीच. यांच्या बारशाचे पेढे मी खाल्लेत. म्हणून जरा हक्काने बोलते.

बारावीच्या घरात दोन प्रकारची कामं असतात. एक कागदांचं. दुसरं अभ्यासाचं आणि पुढे काय करायचं ते ठरवण्याचं. पहिलं आपलं, दुसरं मुलांचं. पण बहुतेक घरांत मी उलटंच पाहिलंय. दाखल्यांचं काम ‘तुझं तू बघ, मोबाइलवरच तर करायचंय’ म्हणून मुलावर ढकललेलं असतं, आणि ‘तू कॉम्प्युटरलाच जायचं’ हे मात्र आईबाबांनी दहावीच्या निकालादिवशीच ठरवलेलं असतं.

आधी कागद. एक जाडसर फाइल घ्या. दहावीचं मार्कशीट आणि प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, वय-अधिवास-राष्ट्रीयत्वाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. ज्यांना लागू असेल त्यांच्यासाठी जातीचा दाखला, जात पडताळणीचं प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र. यातले तहसीलचे दाखले ‘आपले सरकार’च्या पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून निघतात. पण जून महिन्यात तिथली रांग बघा एकदा. सगळा तालुका तिथेच असतो. आत्ता नोव्हेंबरात कोणी नाही.

जात पडताळणीचं काम सगळ्यात वेळखाऊ. त्याचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत जिल्ह्याच्या समितीकडे जातो. आजोबांच्या शाळेचा दाखला, जुन्या नोंदी मागतात, आणि त्या बहुधा गावाला असतात. माझ्या वर्गात एक हुशार मुलगी होती. तिचा अर्ज दिवाळीनंतर करू, मग परीक्षेनंतर करू, असं होत राहिलं. प्रवेशाच्या वेळी प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही, राखीव जागेवरचा तिचा दावा गेला आणि तिला खुल्या गटात धरलं. जे कॉलेज तिला सहज मिळालं असतं ते मिळालं नाही. मुलगी सीईटीत कमी पडली नव्हती. घरातलं एक काम राहून गेलं होतं.

आणखी दोन बारीक गोष्टी. राज्याच्या आणि केंद्राच्या प्रवेशांसाठी ओबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रमाणपत्रांचा नमुना वेगवेगळा असतो. जेईई किंवा नीटच्या ऑल इंडिया जागांसाठी केंद्राचाच नमुना लागतो, तोही चालू आर्थिक वर्षातला. दुसरी गोष्ट नावाची. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुतेकांचं शेवटी. एकात ‘दीपाली’ आणि दुसऱ्यात ‘दिपाली’. हे हसण्यावारी नेऊ नका. सगळे कागद एका ओळीत मांडा आणि नाव मोठ्याने वाचा. दुरुस्ती आत्ता होते, ऐन फॉर्मच्या आदल्या रात्री होत नाही.

मुलींच्या पालकांसाठी मुद्दाम सांगते. २०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नव्हे. आपल्या सोसायटीत यात बसणारी घरं आहेत. ‘मुलीच्या इंजिनिअरिंगचा खर्च झेपणार नाही’ असं ठरवून टाकण्याआधी एवढं तपासा.

आता परीक्षा. आमच्या वेळी बारावीच्या पीसीएमची बेरीज करायची आणि यादी बघायची. आता बोर्ड, सीईटी, जेईई, नीट, सगळ्यांचे हिशेब निराळे. एमएचटी-सीईटी २०० मार्कांची, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. नीट ७२० ची, तिथे बरोबर उत्तराला चार मिळतात आणि चुकीला एक जातो. जेईई मेन जानेवारी आणि एप्रिल अशी दोनदा होते, त्यातला चांगला स्कोअर धरतात. हे आपल्याला कळलेलं बरं. नाहीतर ‘नव्वद पर्सेंटाइल’ म्हणजे नव्वद टक्के मार्क समजून कोणी पेढे वाटतं आणि कोणी रडतं. पर्सेंटाइल म्हणजे मार्क नव्हेत. ९० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभरातले नव्वद तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. लाखो मुलं बसतात, त्यामुळे उरलेल्या दहातसुद्धा केवढी गर्दी असते ते लक्षात घ्या.

‘बोर्डाला कोण विचारतं?’ असं क्लासवाले सांगतात. बोर्ड विचारतं. इंजिनिअरिंगच्या सीईटी प्रवेशाला पीसीएममध्ये खुल्या गटाला ४५ टक्के लागतात, एनआयटीला जायचं तर बारावीला ७५. शिवाय फिजिक्स-केमिस्ट्रीचे तीस-तीस मार्क प्रॅक्टिकलचे. माझ्या लॅबमध्ये वर्षाच्या शेवटी पहिल्यांदा ब्युरेट हातात धरणारी मुलं आली आहेत. घरी माहीत नसायचं, कारण घरच्यांना वाटायचं मुलगा कॉलेजात आहे.

कॉमर्स-आर्ट्सवाल्यांनी निवांत बसू नये. २०२४ पासून बीबीए, बीसीए, बीएमएसला सीईटी लागली. पहिल्या वर्षी कित्येकांना ते कळलंच नाही आणि सरकारला परत एकदा परीक्षा घ्यावी लागली. पाच वर्षांच्या लॉ ला सीईटी आहे, केंद्रीय विद्यापीठांना २०२२ पासून सीयूईटी आहे. तारखांचा एक कागद फ्रिजवर चिकटवा. तो आपण बघायचा.

आता अवघड भाग. कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजं आणि शाखा पसंतीच्या क्रमाने भरतात. पुष्कळ पालक म्हणतात, मिळणार नाही ते वर लिहून नंबर कशाला फुकट घालवायचा? तसं नसतं. वरचं नाही मिळालं तर यंत्रणा खालचं बघते, त्यात तुमचं काही कमी होत नाही. म्हणून खऱ्या आवडीचं वर, मागच्या वर्षीच्या कटऑफप्रमाणे मिळण्यासारखं मध्ये, खात्रीचं खाली. मात्र पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो पक्का होतो, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. बाकी नियम दरवर्षी थोडे हलतात, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचायचे.

एका वर्षी एक गृहस्थ मला अशी यादी दाखवायला आले. यादी सुरेख होती. कटऑफ, रेल्वेचं अंतर, प्लेसमेंट, सगळं कोष्टकात. मी विचारलं, मुलगा कुठे आहे? म्हणाले, त्याला यातलं काय कळतं. त्या मुलाला सिव्हिलला जायचं होतं. मला माहीत होतं, कारण माझ्या तासाला वहीच्या मागच्या पानावर तो पूल काढत बसायचा. मी सांगितलंही. यादीत वरपासून खालपर्यंत कॉम्प्युटर आणि आयटी. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला आणि पक्का झाला. गृहस्थांनी पेढे आणून दिले. मुलगा इंजिनिअर झाला, नोकरी उत्तम आहे. पण त्याची आई मध्ये भेटली तेव्हा म्हणाली, बाप-लेक एकमेकांशी कामापुरतंच बोलतात. त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

मुलांचं सगळं ऐका असं मी म्हणत नाही. पैसे किती आहेत, हॉस्टेल झेपेल की नाही, हे त्यांना आकड्यांत सांगा. सतरा वर्षांच्या मुलाला हप्ता कळतो. डोंबिवलीहून माटुंग्याला व्हीजेटीआयला रोज जाणं म्हणजे काय ते एकदा सकाळच्या लोकलने त्याच्याबरोबर जाऊन बघा. नीटला दरवर्षी वीस लाखांवर मुलं बसतात आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वा लाख, हेही सांगा. वर्षभर ड्रॉप घेण्याचा विषय निघाला तर तो विषय काढला कोणी, हे आधी बघा. मुलीने काढला असेल तर ऐका. तुम्ही काढला असेल तर जरा थांबा.

आणि घरातलं बोलणं. संध्याकाळी दार उघडल्या उघडल्या ‘किती झालं?’ एवढं विचारू नका. आपल्याच सोसायटीत बारावीचा एक मुलगा आहे, कुठल्या विंगमधला ते सांगत नाही, पाचव्या मजल्यावरून रोज जिन्याने उतरतो. मला वाटलं व्यायाम करतो. विचारलं तर म्हणाला, “काकू, लिफ्टमध्ये सगळे विचारतात, कसं चाललंय म्हणून.” मंडळी, ते सगळे म्हणजे आपणच. आपण प्रेमाने विचारतो, मला मान्य आहे. पण दिवसातून सहा वेळा प्रेमाने विचारलं की पोराला जिना बरा वाटतो. क्रिकेटचं विचारा, नाहीतर गप्प उभे राहा.

जेवण एकत्र करा, आणि जेवताना परीक्षेचा विषय नको. रात्री सात तास झोप झालीच पाहिजे. क्लासच्या टेस्टचे मार्क पालकांच्या ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्यांचे वाचूनही दाखवू नका. मूल जेवेनासं झालं, रात्रभर जागं राहू लागलं, मित्रांना टाळू लागलं, किंवा ‘मी नसतो तर बरं’ असं काही बोललं, तर ‘नाटकं करतोय’ म्हणू नका. त्याच दिवशी त्याच्याजवळ बसा आणि डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलतात. नोटीस बोर्डावर हा नंबर लावायला मी वॉचमनकाकांकडे कागद दिला आहे. कुठल्याही मुलाला कोणाला न विचारता तो दिसला पाहिजे, म्हणून लिफ्टशेजारी लावायला सांगितलाय. जिन्यातही लावू.

निकालाचं थोडक्यात. मार्क पटले नाहीत तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकन करता येतं. एखादा विषय राहिला तर पुरवणी परीक्षा त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात होते. निकालाच्या दिवशी नातेवाइकांचे फोन आपण घ्यायचे.

शेवटी कमिटीकडे एक मागणी. डिसेंबरपासून बोर्डाचा शेवटचा पेपर होईपर्यंत हा हॉल सकाळी सहा ते रात्री अकरा अभ्यासिका म्हणून मुलांना मिळावा. वन रूम किचनमध्ये आजी, टीव्ही आणि कुकर यांच्यामध्ये बसून रोटेशनल डायनॅमिक्स होत नाही. विजेच्या बिलाचा प्रश्न मागच्या सभेत निघाला होता. अकरा घरांनी थोडे थोडे दिले तर भागेल, आणि कोणाला जड जात असेल तर त्यांचे मी देईन. लग्नाचं एक बुकिंग जानेवारीत आहे, तेवढे दोन दिवस मुलं माझ्या घरी बसतील. गुरुवारच्या भजनी मंडळाशी मी बोलले आहे, त्या गच्चीवर जायला तयार आहेत, फक्त वर एक दिवा हवा.

आणि येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. मूळ कागद आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स घेऊन या. गावाकडचे जुने दाखले असतील तर तेही आणा. पंचिंग मशीन आहे, फाइल ज्याची त्याने आणावी.