बिदागीवरचा संसार

(देवस्थानच्या वर्धापनोत्सवात महाजन कुटुंबांतील तरुणांसमोर दिलेले व्याख्यान)



या सभामंडपात आजवर थोर कीर्तनकारांनी आणि गायकांनी सेवा रुजू केली. तेथे माझ्यासारख्या कागदपत्रांच्या भाषांतरकाराने उभे राहावे, हे धाडसच म्हणावयाचे. परंतु समितीचा आग्रह असा की, नोकरी न धरता तीस वर्षे प्रपंच कसा चालविला, तेवढेच सांगा. तेवढे मला सांगता येईल.

‘फ्रीलान्स’ हा इंग्रजी शब्द वॉल्टर स्कॉटच्या १८१९ च्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीमुळे रूढ झाला. भाला स्वतःचा, चाकरी मोबदला देईल त्याची, असा तो योद्धा. आपल्याकडे यासाठी शिलेदार हा शब्द होताच. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार घोडा आणि हत्यार स्वतःचे घेऊन चाकरीस येई. मान मोठा खरा, पण घोडा मेला तर नुकसानही त्याचेच. मुक्त व्यवसायाचे सारे मर्म या घोड्यात आहे.

माझा घोडा अकराव्या वर्षी मेला. परगावच्या एका कंपनीची माहितीपत्रके मी मराठीत करीत असे. काम नियमित, पैसा बरा. म्हणून इतर गिऱ्हाइके हळूहळू सोडून दिली. शंभरांतले सत्तर रुपये तिच्याकडून येऊ लागले. एके दिवशी दोन ओळींचे पत्र आले: तो विभाग बंद झाला. दोन बिले बाकी होती, लेखी करार नव्हता. घरात सांगण्याचे धैर्य होईना. महिनाभर मी सकाळी नऊला पिशवी घेऊन निघे आणि पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसे. शेवटी आईनेच एका संध्याकाळी विचारले, “हल्ली तुझ्या बोटांना शाई का लागत नाही रे?” त्यानंतर चार महिने पत्नीच्या शिक्षिकेच्या पगारावर घर चालले. हे सांगताना आजही संकोच वाटतो.

त्या ग्रंथालयात वेळ जावा म्हणून मी जुनी पोर्तुगीज राजपत्रे वाचू लागलो. ती भाषा मला काकांनी शिकविली होती. १९६१ नंतर पोर्तुगीज कचेऱ्यांतून गेली, दप्तरांतून मात्र गेली नाही. जमिनीची नोंद, आजोबांचा जन्मदाखला, वाटणीचा दस्त, इतकेच काय, देवस्थानांच्या महाजनकीसंबंधीचे १९३३ चे नियमही त्याच भाषेत. घरोघरी हे कागद होते आणि वाचणारे कमी होत चालले होते. पहिले काम एका वकिलांनी दिले. माहितीपत्रकांचे भाषांतर आज यंत्र क्षणात करते. कसर लागलेल्या हस्तलिखित दस्ताखाली “मी हे तपासले आहे” अशी सही करावयास अजून माणूस लागतो. ती सही हीच माझी उपजीविका.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो: एका गिऱ्हाइकाकडून मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक घ्यावयाचे नाही. दर मोठ्या कामाचे निम्मे पैसे आधी. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात. त्याला गणेश चतुर्थीलासुद्धा हात लागत नाही. (एकदा लागला. भरून काढावयास दीड वर्ष लागले.)

कायद्याकडे आपली मुले दुर्लक्ष करतात. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे, करारात काहीही लिहिले असले तरी पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी करावी, तिला शुल्क नाही. तसेच १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार स्वतंत्रपणे केलेल्या लेखनाचा वा भाषांतराचा हक्क प्रथम कर्त्याचाच. तो दुसऱ्यास देणे लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरतात. पैसे घेऊन काढलेल्या छायाचित्राचे मात्र उलट आहे. तेथे वेगळा करार नसेल तर हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. लग्नसमारंभाचे फोटो काढणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

मडगावात १९१६ साली जन्मलेले चित्रकार दीनानाथ दलाल प्रकाशकांसाठी मुखपृष्ठे रंगवीत. तरीही १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक सुरू केला. दुसऱ्याच्या कामाबरोबर आपल्या मालकीचे काही असावे, असे मला त्यावरून सुचले. माझी झेप लहान: जमिनीच्या दस्तांतील पोर्तुगीज शब्दांचा एक मराठी कोश करून ठेवला, तो वकील मंडळी अजून मागून नेतात.

राहिला प्रश्न सोयरिकीचा. “मुलगा घरीच असतो” हे आपल्यात अजून दूषण समजतात. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे की, स्थळ पाहताना मुलाच्या गेल्या पाच वर्षांचा जमाखर्च मागावा. पगारपत्रकाहून त्यात अधिक कळेल.

माझ्या पहिल्या वर्षापासूनच्या हिशेबाच्या वह्या मी सोबत आणल्या आहेत. त्या चार महिन्यांची कोरी पानेही त्यांत आहेत. पालखीनंतर मी अग्रशाळेत थांबणार आहे; ज्यांना चाळावयाच्या असतील त्यांनी यावे.