हमी आणि तरतूद

(श्रीगोंदा येथील भाषणाचा मजकूर)

१९७२ च्या दुष्काळात श्रीगोंद्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातील माणूस खडी फोडावयास गेला, तेव्हा शासन त्याला काम देत होते ते उपकार म्हणून. मे १९७३ मध्ये राज्यातील सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पाऊस पडला की हजेरीपट मिटे. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेने हे नाते उलटे केले. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि मजुराने मागितल्यापासून १५ दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता, असा हक्क निर्माण झाला.

हक्क लिहिणे त्या मानाने सोपे. त्याचा खर्च कोणी सोसावा हे लिहिणे अवघड. महाराष्ट्राने तेही लिहिले. १९७५ साली पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्यावर व्यवसाय कर बसला. त्याआधी १९७४ च्या कायद्याने ओलिताच्या जमिनीवर विशेष आकारणी आली. या करांतून जेवढे जमेल तेवढीच भर राज्याच्या तिजोरीने घालावी असे ठरले. याच तालुक्यात घोड आणि कुकडीच्या कालव्यांखाली ऊस उभा असतो आणि पाट न पोचलेल्या गावची ज्वारी आभाळाकडे पाहत असते. पाटाचे पाणी सार्वजनिक पैशाने आले. तेव्हा बागायतदाराने जिरायती गावच्या मजुरासाठी काही द्यावे, ही मागणी अवाजवी नव्हती. (देताना तो आनंदित झाला असेल, असे मात्र नव्हे.)

पुढे हमीला धक्का बसला तो कायदा न बदलता. १९८८ मध्ये किमान वेतनाबरोबर हमीची मजुरीही सुमारे दुप्पट झाली. वाढ न्याय्यच होती. परंतु त्यानंतरच्या वर्षांत मनुष्यदिवस घटले. काही घट चांगल्या पावसामुळे असेल. पण मजुरी वाढल्यावर काम मागणारे कमी होतात, हे कोणत्याही अर्थशास्त्रात बसत नाही. आटली ती मागणी नव्हे, कामे आटली. व्यवसाय कर मात्र आजही कापला जातो, वर्षाला २,५०० रुपयांपर्यंत.

२००५ च्या केंद्रीय कायद्याने हा हक्क १०० दिवसांच्या मर्यादेत देशभर नेला व अकुशल मजुरीचा भार केंद्राने उचलला. २०२०-२१ च्या अंदाजपत्रकात यासाठी ६१,५०० कोटी रुपये होते. टाळेबंदीत माणसे गावी परतली, काम मागू लागली, आणि त्या वर्षीचा खर्च १ लाख ११ हजार कोटींच्या घरात गेला. तरतूद मागणीमागे धावली. हमीचा अर्थ तोच.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या नव्या कायद्यात दिवस १२५ झाले आहेत. परंतु प्रत्येक राज्याचा वाटा केंद्र आधी ठरवणार, त्यातला ४० टक्के भार महाराष्ट्रासारख्या राज्याने सोसावयाचा, आणि वाट्यापलीकडील सारा खर्चही राज्याचाच. अवर्षणाच्या वर्षी श्रीगोंद्याची मागणी वाढेल, तेव्हा वाढीव पैसा मुंबईच्या तिजोरीतून यावा लागेल. तो कोठून यावयाचा, याचे उत्तर या राज्याने १९७५ सालीच दिले होते. म्हणून राज्याच्या अर्थसंकल्पात व्यवसाय कराची जमा आणि तीतून हमीकडे गेलेली रक्कम शेजारीशेजारी दाखवावी, एवढी मागणी येथील आमदारांनी विधानसभेत करावयास हरकत नाही.