फुग्यावरून निसटलेला स्टेंट

अँजिओप्लास्टीत मिटलेला स्टेंट, म्हणजे जाळीदार नळी, फुग्यावर बसवूनच हृदयाच्या धमनीत नेतात. धमनी वळणावळणाची असेल, कॅल्शियम साचून टणक झाली असेल, तर तो अडकतो आणि मागे ओढताना क्वचित निसटतो. पूर्वी डॉक्टर तो फुग्यावर हाताने दाबून बसवत, तेव्हा हे जास्त घडे.

निसटलाच, तर ज्या तारेवरून फुगा आत नेला, ती मुळीच ओढायची नाही. जाडी जेमतेम ०.३६ मिलिमीटर, पण सगळी भिस्त तिच्यावर! तिच्यावरूनच बारीक फुगा स्टेंटच्या पलीकडे सरकवतात, फुगवतात आणि दोन्ही अलगद मागे घेतात. खरं कसब इथे लागतं. ते जमलं नाही, तर स्टेंट वेगळ्या तारेच्या फासात पकडतात. तेही जमेना, तर दुसरा स्टेंट फुगवून पहिल्याला धमनीच्या भिंतीशी कायमचा चेपून टाकतात.