बेंड पुन्हा का भरतंय?

आज ज्या दुखण्याबद्दल बोलायचंय, ते आपण जावेला सांगत नाही आणि नवऱ्याला तर नाहीच नाही. लघवीच्या जागेजवळ उठलेलं बेंड.

बेंड आपल्याला नवं नाही. जागा लाल होते, ठणकते, ताप येतो, चार-आठ दिवसांत पिकतं. पू निघाला की उतार पडतो आणि गोळ्या पूर्ण घेतल्या की जखम भरून येते. बहुतेक जणींचं ते साधं बेंडच असतं. हे आधीच सांगते, उगाच कुणी धास्ती घेऊ नये.

पण कधीतरी त्या बेंडाच्या आड दुसरंच काही असतं. बाईची लघवीची नळी जेमतेम 4 सेंटिमीटर लांब. तिलाही कॅन्सर होतो. फार क्वचित, कॅन्सरच्या शंभर रोग्यांत एकही नसतो इतका क्वचित. त्यामुळे तो डॉक्टरांच्याही चटकन मनात येत नाही. त्यात गंमत नव्हे, पंचाईत अशी, की या गाठीमुळे लघवी अडते, तिथं जंतू वाढतात आणि खरोखरचा पू होतो. चीर दिली की पू बाहेर येतो. पू दिसला की बाईचंही समाधान, डॉक्टरचंही. गाठ आत तशीच.

म्हणून बेंड फुटल्यानंतर काय होतं, तिकडं लक्ष ठेवा. पू काढूनही तीच जागा पुन्हा भरली, जखम आठवडे झाले तरी चिघळतच राहिली, पू गेल्यावरही बोटाला टणक लागतंय, लघवीची धार बारीक झाली, थेंब थेंब होतेय, जांघेत अवधाण आलं, तर ते बेंड म्हणून सोडायचं नाही.

आणि रक्त. आपल्याकडं कितीतरी बायांची गर्भपिशवी काढलेली आहे. बीडच्या ऊसतोड बायांचं हे प्रकरण 2019 साली गाजलं, शासनाला समिती नेमावी लागली. पिशवी काढलीय किंवा पाळी जाऊन वर्षं झालीत, तरी कपड्याला डाग लागतो, तर ती पाळी नाही. "उष्णता झाली" म्हणून सब्जा पीत बसू नका. रक्त कुठून येतंय, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं.

पुवाच्या तपासणीत जंतू कळतात, कॅन्सर कळत नाही. पोटाच्या सोनोग्राफीतही ही नळी नीट दिसेलच असं नाही. आधी डॉक्टरांनी खालून हातानं तपासायला हवं. लाज वाटते, मला ठाऊक आहे. लेडी डॉक्टर मागा, पण तपासू द्या. मग दुर्बिणीनं नळी आतून बघतात आणि गाठीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतात. पक्कं निदान त्या तुकड्यावरच होतं. किती पसरलंय ते बघायला पुढं एमआरआय. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, असं गावात म्हणतात. त्या भीतीनं नाही म्हणू नका, तुकड्याशिवाय उपचारच ठरत नाही.

कोयत्यावर जाणाऱ्या बायांचं अवघड असतं. पहिली चीर एका गावात, दुसरी फडाजवळच्या दवाखान्यात, तिसरी घरी परतल्यावर. प्रत्येक डॉक्टरला वाटतं, बेंड पहिल्यांदाच झालंय. म्हणून चिठ्ठ्या, रिपोर्ट एका पिशवीत ठेवा आणि सोबत न्या. गेल्या गेल्या सांगा, "याच जागी दोनदा पू काढलाय, परत भरलंय, तुकडा तपासायचा का?"

वडीगोद्रीहून आधी अंबडचं उपजिल्हा रुग्णालय, तिथून गरज पडली तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर घ्या, आरोग्यमित्राला विचारा. एकटीनं जायला नको वाटलं तर आशाताईला किंवा गटातल्या एखादीला सोबत घ्या. गाडीभाड्यापुरती उचल गटातून मिळते का, तेही या महिन्याच्या बैठकीत काढा.