दारावरची पाटी



२००४ साली मी शिकायला जर्मनीत, श्टुटगार्टला गेले. वसतिगृह सोडून भाड्याच्या घरात गेले तो नोव्हेंबरचा दिवस. पाचच्या आतच अंधार. दार उघडलं, तर दिवाच नाही, छताला नुसत्या वायरी. तिकडे भाडेकरू जाताना आपले दिवे, कधी तर ओटासुद्धा काढून नेतात, हे मला ठाऊकच नव्हतं. रात्रभर बॅगेवर बसून रडले. परत जायचं ठरवलं.

सकाळी दारावर पाटी लटकत होती : 'केरवोखं'. शेजारच्या आजींनी खुणेनं सांगितलं, हा आठवडा जिना तू झाडायचा. म्हणजे चक्क केराचा आठवडा!

झाडू हातात घेतला आणि आपला वर्ग आठवला. बाई म्हणायच्या, "आधी कोपरे!" मी कोपऱ्यांपासून सुरुवात केली. आजी बघत होत्या. संध्याकाळी त्या टेबललॅम्प घेऊन दारात उभ्या.

आठवडा संपल्यावर ती पाटी मी त्यांच्या दाराला अडकवली. परत जायचं राहूनच गेलं.

बाई, तुम्ही आज समोर आहात म्हणून सांगते. इंजिनीअरिंग पुढे शिकले. पण परक्या घरात टिकले ती तुमच्या कोपऱ्यांमुळे.