वावडे आणि वय
(वार्षिक संमेलनातील भाषण)



सातारा-सांगलीकडच्या आपल्या घरांतून दाण्याच्या कुटावाचून स्वयंपाक होत नाही. अशा घरात एखाद्या मुलास अमुक पदार्थ वावडा आहे असे एकदा ठरले, की ते जन्मभराचे मानले जाते. परंतु वावडे हे विधिलिखित नव्हे. वयाबरोबर ते पालटते, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

परक्या जंतूंशी झुंजण्यासाठी शरीर रक्तात प्रतिपिंडे निर्माण करते. त्यांपैकी ‘आयजीई’ हे प्रतिपिंड निरुपद्रवी अन्नास वा परागास शत्रू समजू लागले, म्हणजे शिंका, गांधी, दमा उद्भवतात. इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ च्या सुमारास अमेरिकेत ते शोधून काढले. जन्मतः ते अत्यल्प असते. दहा-पंधरा वर्षांपर्यंत वाढते आणि पुढे सामान्यतः ओसरू लागते. त्याचा रोखही बदलतो. तान्हेपणी तो बहुधा दूध व अंडे यांवर असतो; पुष्कळ मुले पुढे त्यातून मोकळी होतात. मग घरच्या धुळीतील सूक्ष्म किडे व पराग यांची पाळी येते. भुईमुगाचे वावडे मात्र बहुधा टिकते.

याविषयी लंडन येथील एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तीव्र इसब वा अंड्याचे वावडे असलेल्या अर्भकांना, आधी तपासणी करून, ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून भुईमूग नियमित दिला. पाचव्या वर्षी त्यांच्यात हे वावडे सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळले. अशा बालकांच्या बाबतीत डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा, आणि अख्खा दाणा तान्ह्यास कदापि देऊ नये; तो श्वासनलिकेत अडकतो.

वय वाढले म्हणजे सर्व निभावले, असेही नव्हे. गाजरगवताने शेतकऱ्यांच्या त्वचेस जडणारा विकार बहुधा प्रौढपणीचाच. तो प्रतिपिंडांमुळे नव्हे, तर रक्तातील पेशींमुळे होतो.

आता एक कटू गोष्ट. विवाह जुळविताना मुलीचा दमा झाकला जातो. मग सासरी ती श्वासाचे औषध चोरून घेते, अथवा घेतच नाही. ही लाज प्राणावर बेतू शकते. ज्या व्याधीस औषध आहे तिच्यासाठी मुलीस नाकारणे, हे ज्ञातीस भूषणावह नाही.

म्हणून वावडे उघड बोलावे, काही वर्षांनी तज्ज्ञांकडून पुन्हा तपासून घ्यावे, आणि वर्ज्य पदार्थ आपल्या मनाने सुरू करू नये, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.