गलाईवाल्याचं रिटर्न

(विटा येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



रिटर्न कसं भरायचं असं विचारलं की आपल्याकडं उत्तर म्हणून माणसाचं नाव सांगतात. अमक्याकडं कागद द्या, तो भरून देतो. मला त्याच्या अलीकडचं बोलायचंय. आपली कमाई कोणत्या प्रकारची आहे हे एकदा ठरलं, की फॉर्म ठरतो, जुनी करपद्धत की नवी हे ठरतं, आणि सी.ए. लागेल की घरातली कॉलेजला जाणारी पोरगी पुरेल हेही ठरतं. क्रम उलटा झाला की कमाईच फॉर्मच्या मापात कोंबली जाते.

नोकरदार आणि पेन्शनर यांचं सोपं आहे. पगार किंवा पेन्शन, बँकेचं व्याज, एकूण पन्नास लाखांच्या आत, म्हणजे आयटीआर-१. पण गुरुजींची द्राक्षबाग असेल आणि शेतीचं उत्पन्न पाच हजारांच्या वर असेल, तर तो फॉर्म चालत नाही, आयटीआर-२ लागतो. शेतीवर कर नाही हे खरं. पण बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवताना ती मोजली जाते, म्हणून दाखवावी लागते. आणि पोल्ट्री म्हणजे शेती नव्हे. शेड आपल्याच रानात असलं, मका आपलाच असला, तरी अंड्यांचा पैसा हा धंद्याचा पैसा. आपल्या तालुक्यात हे एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं.

यंत्रमागवाल्यांसाठी एक बारीक कलम आहे. वर्षात विजेवर एक लाखाच्या वर खर्च झाला, की उत्पन्न करपात्र नसलं तरी रिटर्न भरावंच लागतं. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं बंगल्यातला एसी असावा. इथं आठ-दहा माग दोन पाळ्यांत चालवणाऱ्या, मजुरीवर कापड विणणाऱ्या माणसाचं लाईटबिलच त्याला रिटर्नपर्यंत नेतं.

आता गलाई. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी रानातून बाहेर पडलेली आपली माणसं देशभर सोनं-चांदी गाळतात. बाहेरच्याला हा एकच धंदा दिसतो, पण हिशेबाला ते दोन आहेत. सराफानं माल दिला, तुम्ही तो गाळून चोख करून परत दिला, तर सोनं तुमचं नव्हतंच, तुमची उलाढाल म्हणजे फक्त मजुरी. मोड स्वतः विकत घेऊन, गाळून विकलीत, तर विक्रीची सगळी रक्कम उलाढाल. आजच्या भावाला कोटीची उलाढाल व्हायला किलोभर सोनंही लागत नाही.

हा फरक का महत्त्वाचा? कलम ४४-एडी खाली लहान धंदेवाल्याला वह्या न ठेवता अंदाजे नफा दाखवता येतो: बँकेतून आलेल्या रकमेवर सहा टक्के, रोखीवर आठ. उलाढालीची मर्यादा दोन कोटी, आणि रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटी. फॉर्म आयटीआर-४, नाव ‘सुगम’. समजा, बँकेतून झालेली विक्री अडीच कोटी. सहा टक्क्यांनी नफा पंधरा लाख. नव्या पद्धतीत २०२५-२६ साठी त्यावर उपकरासह १,०९,२०० रुपये कर. सोनं विकणाऱ्याला रुपयामागं सहा पैसे कोण देतो? त्याचा खरा नफा दोन-तीन लाख असेल, तर सुगम फॉर्म त्याला दुर्गम आहे. त्यानं वह्या ठेवाव्यात आणि आयटीआर-३ भरावा.

मजुरीवाल्याचं उलट. त्याला बारा लाख मजुरी मिळाली आणि गॅस, ॲसिड, भाडं वजा जाऊन सात लाख उरले, तर सहा टक्के म्हणून बहात्तर हजार दाखवायचे का? सहा-आठ टक्के हे किमान आहे. जास्त कमावलं तर ते दाखवायचं. आणि बारा लाखांपर्यंत नव्या पद्धतीत कर शून्य होतो, मग सात लपवून मिळतं काय?

वह्या ठेवणाऱ्यालाही एक अडचण आहे. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांच्या वर रोख दिलं, तर तो खर्च सहसा मान्य होत नाही. सोन्याच्या एका ग्रॅमलाच आज तेवढे पुरत नाहीत. मोड रोखीनं घेण्याची जुनी सवय इथं महागात पडते. ऑडिटची मर्यादा एक कोटी. ती दहा कोटी व्हायला जमा आणि खर्च दोन्हींत रोख पाच टक्क्यांच्या आत लागते. विक्री बँकेतून आणि खरेदी रोखीत, हे तिथं चालत नाही.

आणखी एक, ४४-एडी हे दार रोज उघडझाक करण्याचं नाही. एकदा घेतलं आणि पुढच्या पाच वर्षांत सोडलं, तर नंतर पाच वर्षं मिळत नाही. जुन्या-नव्या पद्धतीचंही धंदेवाल्याला असंच आहे. जुनीत जायला फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि परत नवीत आलं की धंदा असेपर्यंत पुन्हा जुनीत जाता येत नाही. नोकरदार मात्र दरवर्षी निवड करू शकतो, तीही रिटर्न वेळेत भरलं तर. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला असला, तरी २०२५-२६ च्या कमाईला १९६१ चाच कायदा लागू आहे.

वेळेचं बोलायलाच हवं. आपली गलाई मंडळी दसऱ्याला पालखीच्या शर्यतीसाठी गावी येतात आणि तेव्हा रिटर्नचा विषय निघतो. ऑडिट नसलेल्यांची तारीख तोवर गेलेली असते. ३१ डिसेंबरपर्यंत उशिरा भरता येतं, पण पाच लाखांवर उत्पन्न असेल तर पाच हजार फी, आणि पोल्ट्रीत बसलेला तोटा पुढं ओढता येत नाही. वेळेत भरलं असतं तर तो आठ वर्षं वापरता आला असता.

इथं एक चिठ्ठी आलीय: ‘दुकान केरळात, पॅन विट्याच्या पत्त्याचं. रिटर्न कुठं भरायचं?’ कुठूनही भरा. पोर्टल एकच आणि प्रक्रिया बंगळुरूच्या केंद्रात होते. फक्त पोर्टलवर मोबाईल आणि ईमेल तुमचा स्वतःचा टाका, भरून देणाऱ्याचा नको, नाहीतर नोटीस त्याला कळेल, तुम्हाला नाही. भरल्यापासून तीस दिवसांत ओटीपीनं पडताळणी करा. जीएसटी मात्र राज्यवार आहे, ती नोंदणी केरळातलीच लागेल. तिथं दाखवलेली विक्री आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात दिसते, तेव्हा रिटर्न भरण्याआधी ते उघडून दोन्ही आकडे शेजारीशेजारी ठेवा.